जॉनी विंटर हा मडी वॉटर्सचा झीलकरी होता

तुम्ही विचारलेले मुख्य प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही एकात एक अडकलेत. पहिला, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज संगीतातला गायक-गिटारवाला मडी वॉटर्स याने साठी उलटल्यावर, १९७७ साली, 'हार्ड अगेन'सारखा दणदणीत अल्बम कसा काय काढला आणि त्यात प्रोड्यूसर जॉनी विंटरने नेमकं केलं काय. दुसरा, तुमचे मामा, वय ६८, एकेकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, मधली पंधरा-सोळा वर्षं गिटार माळ्यावर पडून होती, आता परत वाजवायला लागलेत आणि तुम्हाला त्यांचं चांगलं रेकॉर्डिंग करायचंय, तर त्या अल्बमवरून काही शिकता येईल का.

मी पुण्यात गेली २७ वर्षं रेकॉर्डिंगचं काम करतोय. भक्तिगीतं, नाटकाचं पार्श्वसंगीत, जाहिराती, जे येईल ते. रविवारी मित्रांबरोबर ब्लूज वाजवतो, ते पोटासाठी नाही हे ऐकणाऱ्याच्या दोन मिनिटांत लक्षात येतं. सांगायचा मुद्दा हा की मी जे लिहितोय ते कन्सोलमागे बसून ऐकणाऱ्या माणसाचं आहे, समीक्षकाचं नाही, त्यामुळे जरा इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

कमबॅक म्हटलं की आपल्याला वाटतं माणूस कुठेतरी निघून गेला होता आणि आता परतलाय. मडी कुठे गेलाच नव्हता हो. ७६ सालीसुद्धा तो बँड घेऊन वर्षातले कितीतरी दिवस रस्त्यावर होता, गावोगाव वाजवत होता, आणि त्या काळात ज्यांनी त्याला समोर बसून ऐकलं ते लोक सांगतात की म्हातारा स्टेजवर अजून तसाच होता. बिनसलं होतं ते रेकॉर्डवर. स्टेजवरचा मडी आणि टेपवरचा मडी यांची फारकत झाली होती, आणि 'हार्ड अगेन'मध्ये दोघं परत भेटले. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

थोडा इतिहास, भराभर. खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, जन्म मिसिसिपीतला, १९१३ चा (तो स्वतः १९१५ सांगायचा). क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर राबायचा, तिथे १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत रेकॉर्ड करत आला आणि मडीने पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. दोन वर्षांनी हा शिकागोला. १९४८ मध्ये 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' आलं, ॲरिस्टोक्रॅट नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर, तेच लेबल पुढे चेस झालं. मग पुढची दहा वर्षं त्याच्या बँडने जे केलं त्यावर निम्मं रॉक अँड रोल उभं आहे, रोलिंग स्टोन्सने तर नावच त्याच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलं. हे सगळं तुम्हाला माहीत असणार.

मजा त्यानंतर आहे. साठच्या दशकात त्याचा मूळचा काळा श्रोता सोल म्युझिककडे वळला आणि गोऱ्या पोरांना अचानक ब्लूजचा शोध लागला. चेसवाल्यांनी विचार केला की म्हाताऱ्याला जमान्याप्रमाणे सजवूया. १९६८ चा 'इलेक्ट्रिक मड' काढून ऐका. वा-वा पेडल, फझ (गिटारचा आवाज बदलणारी यंत्रं), सायकेडेलिक धुमाकूळ, आणि मध्ये कुठेतरी मडी, लग्नात भाड्याच्या शेरवानीत उभ्या केलेल्या आजोबांसारखा. वाजवणारे एक नंबर होते, पीट कोझी वगैरे, आणि रेकॉर्ड खपली पण. पुढे हिप-हॉपवाल्यांना ती जाम आवडली, मलाही अधूनमधून आवडते, खोटं कशाला बोलू. पण मडीला स्वतःला नाही आवडली. एवढे मोठे अँप आणि वा-वा लावून गिटारकडून नसतं काहीतरी वदवून घ्यायचं तर मग तो ब्लूज कसला, अशा अर्थाचं तो नंतर बोललाय. त्याची खरी अडचण साधी होती, ते गाणं स्टेजवर त्याच्या स्वतःच्या बँडबरोबर वाजवताच यायचं नाही.

मग १९७२ चा लंडनचा अल्बम. रोरी गॅलहर, स्टीव्ह विनवुड, मिच मिचेल, सगळे रॉकमधले बाप लोक. त्याला ग्रॅमी पण मिळालं. तरी मडीचं म्हणणं असं की पोरं हुशार आहेत, काहीही वाजवतील, पण हा माझा आवाज नाही. म्हणजे बघा, ग्रॅमी घरात आणि आपला आवाज बाहेर. त्यामुळे 'पुरस्कार मिळाला, म्हणजे कमबॅक झाला' या हिशोबाला फारसा अर्थ नाही. सगळंच वाईट होतं असंही नाही, १९६९ चा 'फादर्स अँड सन्स' मस्त आहे, १९७५ चा वुडस्टॉकचा अल्बम पण छान आहे, त्यालाही ग्रॅमी आहे. पण हे दोन्ही ऐकताना पाहुण्यांच्या घरी जेवल्यासारखं वाटतं. चव चांगली, घरची नाही.

त्यात घरचं आणि शरीराचं. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये इलिनॉयमध्ये गाडीला भयानक अपघात झाला, तीन माणसं गेली, मडीच्या बरगड्या, कंबर मोडली, कित्येक महिने झोपून काढले, नंतर बराच काळ बसूनच वाजवायचा. १९७३ मध्ये बायको जिनीव्हा कॅन्सरने गेली. चेसचा मालक लेनर्ड चेस १९६९ मध्येच वारला होता, कंपनी विकली गेली होती, परत विकली गेली, आणि पावशतकाहून जास्त ज्या दारात काढलं तिथून मडी बाहेर पडला. १९७६ साल, डिस्कोचे दिवस, वय ६३. अशा माणसाला कुठलं लेबल विचारणार?

इथे जॉनी विंटर येतो. टेक्सासचा, बोमॉन्टचा, जन्म १९४४, अल्बिनो, पांढरेशुभ्र केस, आणि गिटार अशी वाजवायचा की मागे कुत्रं लागलंय. लहानपणापासून मडीच्या रेकॉर्ड ऐकून वाढलेला. १९६८ मध्ये ऑस्टिनच्या एका क्लबात मडीच्या आधी याचा बँड वाजला होता, तेव्हा हा कोणीच नव्हता. वर्षभरात कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीने मोठी रक्कम देऊन साइन केला, मग रॉकस्टारगिरी, मग हेरॉइन, मग त्यातून बाहेर. ७६ पर्यंत त्याच्याकडे नाव होतं, आणि मॅनेजर स्टीव्ह पॉलचं ब्लू स्काय नावाचं लेबल होतं, ज्याला मागून सीबीएस या बड्या कंपनीचं वितरण होतं. हे सगळं त्याने मडीसाठी वापरलं.

आता तुमचा प्रश्न, त्याने केलं काय. खरं सांगू? ऐकायला फार थोडं. मडीचा रोजचा बँड उचलला: पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रमवर विली 'बिग आइज' स्मिथ, दुसऱ्या गिटारवर बॉब मार्गोलिन. माउथ ऑर्गनवर, म्हणजे हार्पवर, जेम्स कॉटनला बोलावलं, जो पन्नास-साठच्या दशकात बारा वर्षं मडीबरोबर होता आणि त्याला मडी श्वास कुठे घेतो ते पाठ होतं. कॉटनच्या ओळखीतला बास वाजवणारा चार्ल्स कॅलमीस. आणि गिटार घेऊन स्वतः जॉनी. कनेक्टिकटमध्ये वेस्टपोर्टला डॅन हार्टमन या संगीतकाराचं घर होतं, त्यातच स्टुडिओ. ऑक्टोबर १९७६, तीन दिवस. सगळे एकत्र बसले, वाजवलं, घरी गेले.

तीन दिवस! आपल्याकडे ड्रमचा आवाज सेट करण्यात दीड दिवस जातो आणि त्यातला अर्धा दिवस चहात.

'मॅनिश बॉय' हेडफोन लावून ऐका, पहिलंच गाणं आहे. सुरुवातीला मडी एकटा, लांब 'ओऽऽ येऽऽ' करतो. आणि समोरून कोणीतरी ओरडतं. कोणीतरी म्हणजे जॉनी. ती आरोळी माइकच्या तोंडाशी दिलेली नाही, ती खोलीतून येते, भिंतीला लागून येते, तुम्हाला त्या खोलीचा आकार कळतो. मग मडी अजून एक सोडतो, परत आरोळी. मग दण्णकन रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा. सा, म, कोमल ग आणि परत सा, एवढ्या अंगणात फिरणारा रिफ, कॉर्ड एकच, पाच मिनिटांहून जास्त चालतो आणि बदलत काहीच नाही. आणि पूर्ण वेळ मागे जॉनी किंचाळतोय, हुंकार देतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हा काय येडेपणा, प्रोड्यूसर कोण आणि आवरत कोण नाहीये याला. नंतर १९५५ चं मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं तेव्हा ट्यूब पेटली. त्यात पण मागून बायका ओरडतायत! म्हणजे हे गाणं पहिल्यापासूनच एकट्याचं नाही. गाणारा फुशारकी मारतो आणि समोरचे लोक 'हो रे वाघा' म्हणून ती खरी करतात, तेव्हा ते गाणं होतं.

आता आपल्याकडे याला शब्द आहे की. झील. पोवाड्यात शाहीर पुढे गातो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी जी' करून त्याला उचलतात. झील नसेल तर शाहीर नुसता निबंध वाचतोय असं वाटतं. जॉनी विंटर हा मडीचा झीलकरी होता. प्रोड्यूसर हे त्याचं कागदावरचं नाव.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, फजितीतून कळलं. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक जुने शाहीर, वय ७४, त्यांच्या पोवाड्यांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. पैसे घालणाऱ्याला 'क्लीन' पाहिजे होतं. म्हणून ट्रॅक आधी प्रोग्रॅम करून ठेवला, ढोलकी सॅम्पलमधली, झील नंतर कोरसवाल्या पोरांकडून ओव्हरडब करायची ठरली, आणि शाहिरांना काचेआड उभं करून कानात क्लिक, म्हणजे ताल धरून ठेवणारी टिकटिक, दिला. दोन तास. आवाज खणखणीत होता हो, सूर कुठे हलत नव्हता, पण गाणं मेलेलं. शाहीर सारखे हेडफोनचा एक कान वर सरकवायचे. मी टॉकबॅकवर सांगायचो, शाहीर, हेडफोन नीट लावा, क्लिक माइकात येतोय. ते बिचारे 'बरं बरं' म्हणायचे आणि पाच मिनिटांत परत कान उघडा. मला तेव्हा चिडायला झालं होतं, आज लाज वाटते.

चहाला बाहेर आलो. त्यांचा मुलगा आणि गावचा एक जोडीदार गाडीजवळ थांबले होते, हे तिघे पायरीवर बसले, कोणीतरी डफावर थाप मारली आणि शाहिरांनी सहज उचललं. जोडीदाराने झील ओढली. आणि आमच्या ऑफिसातली सगळी माणसं हातात कप घेऊन दारात. आत दोन तास जे मी शोधत होतो ते बाहेर पायरीवर पडलं होतं. मग मी प्रोग्रॅमिंग पुसलं, तिघांना एका खोलीत समोरासमोर बसवलं, डफ-तुणतुणं सगळं एकत्र, सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माइकात जातोय तर जाऊ दे. अडीच तासात सहा पोवाडे. तोच गळा, तेच वय, तोच दिवस.

याला आमच्या भाषेत लीकेज म्हणतात, एकाच्या माइकात दुसऱ्याचा आवाज शिरणं. शाळेत शिकवतात की लीकेज वाईट, कारण मग नंतर एकट्याचा आवाज दुरुस्त करता येत नाही, एकाने चूक केली तर सगळ्यांनी परत वाजवायचं. बरोबर आहे. पण त्याच लीकेजमुळे रेकॉर्डवर हवा येते, माणसं एका छताखाली बसलीत हे कानाला कळतं. चेसची पन्नासच्या दशकातली रेकॉर्डिंग अशीच होती, थोडे माइक, एक खोली. जॉनीला तोच आवाज पाहिजे होता, पण ७६ च्या मशीनवर. त्यामुळे 'हार्ड अगेन' जुना वाटत नाही, ड्रम अंगावर येतो, आणि तरी आतून तो पन्नासच्या दशकाच्या पद्धतीने बांधलेला आहे. मला विचाराल तर ही त्या अल्बमची सगळ्यात मोठी कारागिरी, आणि ती करणाऱ्या इंजिनियरचं, डेव्ह स्टिलचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी इथे घेतोय. आमची जमात अशीच मरते.

अजून एक गोष्ट, जी वाजवणाऱ्यांनाच कळते. मडी तालाच्या मागे गातो. मागे म्हणजे चुकून नाही, जाणूनबुजून. मात्रा पडते, आणि शब्द त्यानंतर आरामात येतो, जसं काही घाई बाकीच्यांना आहे. ठुमरी-भजन ऐकणाऱ्याला हे नवीन नाही, सम हुकवून हुलकावणी देणं आपण रोज ऐकतो. पण मागचा बँड जर घाईचा असेल तर हे सगळं कोसळतं, कारण गाणारा मागे रेलतो तेव्हा त्याला टेकायला भिंत लागते. विली स्मिथचा ड्रम ही ती भिंत. तो वाट बघतो. लंडनच्या पोरांकडे बोटं होती, वाट बघणं नव्हतं. मडी म्हणायचाच की माझा ब्लूज दिसायला सोपा आहे पण वाजवायला सगळ्यात अवघड. आम्ही पुण्यात एका पबमध्ये 'मॅनिश बॉय' वाजवायचो, तिसऱ्या मिनिटाला आमचा वेग असा वाढलेला असायचा की गाणाऱ्याला शब्द टाकायला जागाच उरायची नाही, शेवटी आमच्या ड्रमरने हाय-हॅटवर खडूने 'थांब' लिहून ठेवलं. तरी थांबला नाही ते सोडा.

'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' पण ऐका, तेच १९४८ चं गाणं. इथे स्लाइड, म्हणजे तारांवर नळी घसरवून काढलेली गिटार, जॉनी वाजवतो. विचार करा, ज्या गाण्याने मडीचं नाव झालं, ज्यातली स्लाइड ही मडीची सही, ती त्याच्यासमोर बसून दुसऱ्याने वाजवायची. हा जॉनी एरवी मिनिटाला हजार सूर टाकणारा, इथे गुमान बसलाय, मडीने २८ वर्षांपूर्वी केलं तसं करतोय. ती स्लाइड कोमल ग वर जात नाही, शुद्ध ग वरही जात नाही, मध्ये कुठेतरी जाऊन रेंगाळते. आपल्या मींडेत जसं दोन सुरांमधलं सगळं अंतर दाखवतात तसंच, फक्त इथे बोटात बाटलीची मान किंवा लोखंडी नळी. शिष्याने गुरूच्या पुढ्यात गुरूची चीज गुरूच्या ढंगाने म्हणावी आणि गुरूने मांडीवर हात मारावा, असा तो प्रकार आहे. मडी त्याला आपला मानलेला मुलगा म्हणायचा.

अल्बमच्या नावाचा किस्सा चारचौघात सांगण्यासारखा नाही. रेकॉर्डिंग ऐकून म्हातारबुवा इतके खूश झाले की शरीराच्या एका विशिष्ट अवयवाबद्दल जे बोलले तेच नाव ठेवलं. इंग्रजी कळतं त्यांनी समजून घ्यावं, बाकीच्यांनी मामांना विचारू नये.

नोव्हेंबरात, म्हणजे सेशननंतर सात आठवड्यांनी, सॅन फ्रान्सिस्कोला 'द बँड' या रॉक ग्रुपचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात मडी मार्गोलिन आणि पाइनटॉपला घेऊन हेच 'मॅनिश बॉय' गायला. शूटिंगचे बाकी कॅमेरे फिल्म बदलायला थांबलेले आणि एकच चालू राहिला म्हणून ते आज बघायला मिळतं. तो चेहरा बघा. ६३ वर्षांचा माणूस जागेवर उड्या मारतोय. अल्बम जानेवारी ७७ मध्ये आला, पुढच्या वर्षी ग्रॅमी, मग 'आय एम रेडी', त्यालाही ग्रॅमी, मग लाइव्ह अल्बम, त्यालाही. १९७८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसमोर वाजवलं. १९८१ चा 'किंग बी' शेवटचा, तो मला जरा थकलेला वाटतो. ३० एप्रिल १९८३ ला झोपेत गेला. म्हणजे ती तीन दिवसांची खोली त्याला सहा-सात वर्षं पुरली.

शिवाय तुम्ही विचारलंय, उतारवयात असे परत उभे राहिलेल्या बाकीच्या ब्लूजवाल्यांचं काय. मिसिसिपीचा जुना ब्लूज गायक सन हाउस, त्याची गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. १९६४ मध्ये लोकांनी त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला शोधून काढला तेव्हा त्याने वर्षानुवर्षं गिटारला हात लावला नव्हता, स्वतःचीच गाणी विसरला होता. ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या पोराने, जो पुढे कॅन्ड हीट या बँडमध्ये होता, जुन्या रेकॉर्ड ऐकून ती गाणी बसवलेली होती, तो त्याच्यासमोर बसला आणि सन हाउसला सन हाउस परत शिकवला. पुढच्या वर्षी अल्बम. जॉन ली हूकरचा १९८९ चा 'द हीलर' खूप गाजला, सँटाना, बॉनी रेट, सगळे येऊन गेले. चांगलाच आहे, पण मला तो पाहुण्यांचा अल्बम वाटतो, यजमान मधेमधे दिसतो. भांडू नका, माझं मत आहे. आणि बडी गाय, दहा-बारा वर्षं अमेरिकेत धड रेकॉर्डिंगचा करार नव्हता, १९९१ मध्ये परत उभा राहिला तो असा की २०११ मध्ये वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला तेव्हा ७४ व्या वर्षी आमच्यासमोर होता. मी मागे साउंडवाल्यांजवळ उभा. एका क्षणी त्याने गिटार इतकी खाली आणली की शेजारच्याच्या हातातल्या ग्लासातला बर्फ ऐकू आला.

आणि पाइनटॉप. मडीच्याच वयाचा, १९१३ चा. 'हार्ड अगेन'वर तो पण ६३ चाच होता, त्याच्या कमबॅकबद्दल कोणी बोललं नाही. २०११ मध्ये, ९७ व्या वर्षी, त्याला ग्रॅमी मिळालं, कोणाबरोबरच्या अल्बमला? विली 'बिग आइज' स्मिथबरोबर. त्याच खोलीतली दोन माणसं, ३४ वर्षांनी. दोघंही त्याच वर्षी गेले.

आता मामा. सगळ्यात आधी गिटार माळ्यावरून काढली तशीच वाजवत असतील तर एकदा चांगल्या माणसाकडून बघून घ्या, पंधरा वर्षांत नेक वाकलेली असते, खुंट्या ढिल्या होतात, आणि मामांना वाटत असेल की आपली बोटं गेली, तर कधीकधी बोटं ठीक असतात, तारा फ्रेटपासून बोटभर वर गेलेल्या असतात. पण तारा कुठल्या जाडीच्या लावायच्या ते त्यांनाच विचारा, दुकानदाराला नाही.

दुसरं, तुमच्या ओळखीची कॉलेजची हुशार पोरं बोलावू नका. मला माहीत आहे ती फुकट येतील आणि मामांपेक्षा भारी वाजवतील, तीच तर अडचण आहे. मामांच्या ऑर्केस्ट्रातलं कोण उरलंय ते शोधा. बाँगो वाजवणारे काका, अकॉर्डियनवाले, कोणी एक जरी मिळाला तरी चालेल, हात थरथरत असला तरी चालेल. जो माणूस मामा कुठे थांबतात हे झोपेत सांगेल तो पाहिजे. त्या दोघांना एका खोलीत, एकमेकांचे डोळे दिसतील असं बसवा. क्लिक नको. हेडफोन शक्यतो नको. रेकॉर्डिंग गिटार सुरात लावत असतानाच चालू करा आणि सांगू नका, मामा लोक 'टेक वन' ऐकलं की ताठ होतात, माझा अनुभव आहे. जुनी गाणी आहे त्या पट्टीत जमत नसतील तर दोन सूर खाली घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि एखादा तुकडा आता हाताला येत नसेल, वेगाचा वगैरे, तर तो दुसऱ्याने वाजवावा, पण तो दुसरा मामांच्या पुढ्यात बसून, त्यांना विचारून, त्यांच्या पद्धतीने. जॉनीने केलं तसं.

तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. चौथ्या दिवसापासून माणूस वाजवणं सोडून दुरुस्त करायला लागतो. रोज सकाळी दोन तास पुरे, दुपारी झोपू द्या.

बजेटचं विचारलंय, तर एक बरी खोली, चार माइक, सतरंज्या आणि जाड पडदे एवढ्यात काम होतं. टाइल्सवर मात्र सतरंजी टाकाच, आपल्याकडच्या हॉलमध्ये आवाज नुसता ठणठणतो. मिक्सिंगला माझ्यासारख्या कोणाला तरी द्या पण त्याला आधीच सांगून ठेवा की चुका पुसायच्या नाहीत, मध्ये खुर्ची करकरली तर करकरू दे.

आणि त्या दोन म्हाताऱ्यांसमोर तुम्ही स्वतः बसा. मोबाइल बाहेर ठेवून. मामांनी एखादी जागा घेतली आणि तोंडातून 'क्या बात है' निघालं तर दाबू नका, मोठ्याने निघू दे. फक्त माइकपासून चार हात लांब बसा म्हणजे झालं.